पोटाला बांधलेलं अंडं

पितळी कलशातल्या राखेत अंड्याला तडा गेला. तडा रुंदावला, त्यातून इवलीशी चोच बाहेर आली आणि सभागृहातली तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ती खुर्च्यांवर चढली. बायकांनी पदर पसरले. एका म्हाताऱ्यानं तर रडायलाच सुरुवात केली.

"एकवीस दिवसांचं काम!" ऊबवाले बाबा माईकवर गरजले. "निसर्गाला एकवीस दिवस लागतात, आम्हाला एकवीस मिनिटं! काहून? कारण कोंबडीपाशी पिसांची ऊब आहे, आमच्यापाशी तपाची आहे. सायन्स काय म्हणते? अडतीस डिग्री पायजे. अरे, या तळहातात अडतीस हजार डिग्री आहे! पण आम्ही कंट्रोल करतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अडतीस हजार डिग्रीत अंडं सोडा, बाबांच्या बोटांतल्या नऊ अंगठ्यांचं पाणी झालं असतं, हा हिशेब एकाही डोक्यात आला नाही. डोकी सगळी बाहेर चपलांसोबत ठेवली होती.

शेवटच्या रांगेत माया मेश्राम हाताची घडी घालून बसली होती. हिंगण्याकडच्या एका हॅचरीत तिनं बावीस वर्षं काढली. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरायचं, आत जीव आहे की नाही ते पाहायचं, जिवंत इकडे, रिकामं तिकडे. आता घरीच मागच्या अंगणात गावरान कोंबड्या पाळत होती आणि थर्माकोलच्या डब्यात बल्ब लावून पिल्लं काढत होती. एकवीस मिनिटांत पिल्लू निघतं असं गल्लीत वाटलेल्या पत्रिकेवर वाचलं तेव्हा ती हसली होती, आणि मग मुद्दाम आली होती.

अंडं बाबांचं नव्हतं, यावरच तर लोक भाळले होते. "सभेतल्या कोणीही जावं, बाहेरच्या कोणत्याही दुकानातून अंडं आणावं," असं बाबांनी सांगितलं आणि उठले ते भैयाजी. भैयाजी मायाचे शेजारी. सदर भागात त्यांचं नळ-फरशीचं मोठं दुकान. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. अंड्याचं तर नाव काढायची सोय नाही. त्यांनी ते अंडं रुमालात, दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसं धरून आणलं आणि राखेत सोडलं. बाबांनी वर लाल फडकं टाकलं, कलश टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवला, टेबलाच्या झालरीआड बसून डोळे मिटून एकवीस वेळा काहीतरी पुटपुटले आणि कलश पुन्हा वर आणला.

पिल्लू बाहेर पडलं. ओलं, थरथरणारं, पाठीवर तपकिरी पट्टे.

माया ताडकन उभी राहिली. "अवं, अंडं तं पांढरं होतं. हे टरफल तांबूस कसं झालं? अन् दुकानातल्या अंड्यातून गावरान पिल्लू?"

पुढच्या रांगेतून भैयाजींच्या बायकोनं, प्रेमलताबाईंनी, मान वळवली. "मायाबाई, चूप बसा ना. बाबांचं चालू आहे. तुमाले सगळीकडं कोंबड्याच दिसतात."

दोघांतिघांनी शूऽ केलं. माया बसली, पण तिच्या तोंडाची चव गेली ती गेलीच.

त्यानंतर जे झालं ते पिल्लापेक्षा वाईट होतं. बाबांनी मूल नसलेल्या सुनांना मंचावर बोलावलं. अकरा जणी वर चढल्या, बहुतेकींना सासवांनी कोपरानं ढकललं होतं. प्रत्येकीच्या ओंजळीत बाबांनी एकेक अंडं ठेवलं आणि नियम सांगितले. एकवीस दिवस हे अंडं फडक्यात गुंडाळून बेंबीवर बांधायचं. आंघोळ नाही. डॉक्टरची गोळी नाही. नवऱ्याचा स्पर्श नाही. एकविसाव्या दिवशी याच मंचावर आणायचं. पिल्लानं आतून चोच मारली तर कूस उबदार, वर्षात पाळणा हलेल. नाही मारली तर कूस थंड. "थंड कुशीले आमच्या आश्रमात सात दिवस ऊबदान घ्यावं लागते. एकटीनं यायचं. घरच्या माणसाची सावली चालत नाही."

अकरावी होती हिमानी, भैयाजींची सून. अंकितशी लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. तिनं अंडं घेतलं तेव्हा बाबांनी तिचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

बाराव्या दिवशी भर दुपारी मायाच्या मागच्या फाटकाची कडी वाजली. मे महिना, बाहेर कुत्रंही फिरत नव्हतं. हिमानी डोक्यावरून ओढणी घेऊन उभी होती.

"मावशी, तुमच्याकडे अंडी उबतात ना? मले एक विचाराचं होतं. बाराव्या दिवशी ते हलते का?"

ती जवळ आली आणि मायाला वास आला. बारा दिवस अंगाला पाणी न लागलेल्या बाईचा, घामाचा, आणि त्याखाली आणखी एक. नासत चाललेल्या अंड्याचा तो वास मायाला बावीस वर्षं ओळखीचा होता.

"आत ये पोरी. सोड ते."

हिमानीनं पट्टा सोडला. फडक्याखाली बेंबीभोवती घामोळ्या पिकून लाल चट्टा उठला होता आणि त्याच्या कडा ओल्या झाल्या होत्या. मायानं पाण्याची बादली आणि साबण पुढं केला.

"नाही मावशी, आंघोळ केली तर..."

"तर काय होईन? कोंबडीही धुळीत लोळून अंग साफ करते वं. तू माणूस आहेस."

हिमानी न्हाणीत गेली तेवढ्यात मायानं अंडं हातात घेतलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि खोलीची खिडकी ओढून घेतली. आत नुसता आंधळा गोळा. ना शिरा, ना हालचाल. मग तिनं ते फरशीवर ठेवून बोटांनी गिरकी दिली. अंडं भोवऱ्यासारखं गरगर फिरलं.

हिमानी केस पुसत बाहेर आली तेव्हा मायानं आपल्या डब्यातलं एक अंडं काढून टॉर्चवर धरलं. "हे पाह्य. हेही बारा दिवसांचंच आहे."

टरफलाच्या आत लाल शिरांचं जाळं पसरलं होतं. मध्ये एक गडद गोळा होता आणि तो मधूनच दचकल्यासारखा हलत होता. हिमानी श्वास रोखून पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अन् आता तुझं." मायानं दुसरं अंडं धरलं. "काहीच नाही. हे फिरवून पाह्य. कच्चं अंडं असं फिरत नाही, आतला रस हेलकावे घेते, ते डगमगते. हे गच्च आहे. उकडलेलं आहे हे, पोरी. त्या हरामखोरानं तुले उकडलेलं अंडं देल्लं. कच्चं देल्लं असतं तं या गरमीत पोटावरच फुटलं असतं, अन् भानगड आधीच बाहेर आली असती."

हिमानी खाली बसली. मग म्हणाली, "मग मले आश्रमात जावं लागन."

"काहून जावं लागन? घरी सांग."

"काय सांगू? आमच्या घरी अंडं कोणी पाह्यलंच नाही मावशी. उकडलेलं काय अन् कच्चं काय! मी म्हटलं आत गच्च आहे, तं सासूबाई म्हणतीन, पाहा, कूस दगड आहे." ती अचानक मायाच्या गुडघ्याला धरून म्हणाली, "तुमचं एक द्या ना मले. एकविसाव्या दिवशी फुटन असं. मी गुपचूप बदलवून घेईन. कोणालेच कळणार नाही."

मायानं डब्याकडं पाहिलं. दिवस नीट जुळत होते. एक अंडं कमरेला बांधलं की झालं. पोरगी आश्रमापासून वाचली असती. तिनं हात पुढंही केला. आणि मग तिच्या डोळ्यांसमोर आलं की मंचावर पिल्लू निघेल, बाबा हिमानीला हार घालतील आणि पुढच्या महिन्यात अकराच्या जागी शंभर सुना अंडी बांधून घामेजलेल्या फिरतील. आणि वर्षभरानं पाळणा नाही हलला की हिमानीचं काय?

"नाही देत," ती म्हणाली. "तुले वाटन मावशी दुष्ट आहे. पण मी येईन तुझ्यासंगं, मंचापर्यंत."

हिमानी रागानं उठली आणि अंडं तसंच बांधून निघून गेली. संध्याकाळी माया स्वतः भैयाजींच्या दारात गेली. प्रेमलताबाईंनी जाळीच्या दाराआडूनच विचारलं, "पिशवीत अंडी नाहीत ना?"

"नाहीत. पण तुमच्या सुनेच्या पोटावर आहे ना एक."

"तो प्रसाद आहे मायाबाई! त्याले अंडं म्हणू नका." आणि अंडं उकडलेलं आहे असं मायानं सांगितल्यावर त्यांनी खऱ्याखुऱ्या कोड्यात पडून विचारलं, "म्हणजे कसं असते ते?"

मायाला तिथं खरा डाव कळला. बाबा आपली सभा वाटेल त्या वस्तीत भरवत नव्हता. मायाच्या माहेरी, जिथं पोरं सकाळी अंडं सोलून शाळेत जातात, तिथं त्याला दहा मिनिटांत हाकललं असतं. ज्यांनी उभ्या जन्मात अंडं हातात धरलं नाही, अशांचीच घरं त्यानं निवडली होती. त्यांच्या सोवळ्यावरच त्याचा धंदा चालला होता.

एकविसाव्या दिवशी सभागृह मागच्यापेक्षा जास्त भरलेलं होतं. बाबा एकेकीचं अंडं कानाला लावत, डोळे मिटत आणि "थंड!" असं म्हणत शिष्याच्या टोपलीत टाकत. एकही अंडं फोडलं नाही. दहा वेळा "थंड" झालं. दहा सासवांनी कपाळाला हात लावला आणि दहा पोरी माना खाली घालून मंचाच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. बाहेर आश्रमाची गाडी इंजिन चालू ठेवून थांबलेली होती. इतका घाणेरडा बाजार मायानं गुरांच्या बाजारातही पाहिला नव्हता.

"हिमानी अंकित!"

हिमानी वर चढली. माया तिच्या मागोमाग पायऱ्यांपर्यंत गेली. बाबांनी हात पुढं केला. हिमानीनं अंडं त्यांना दिलं नाही. तिनं एकदा मायाकडं पाहिलं आणि अंडं माईकच्या लोखंडी दांड्यावर आपटलं.

जो वास सुटला त्यानं पहिल्या तीन रांगा मागं सरकल्या. टरफलातून बुळबुळीत करडा गोळा बाहेर आला आणि मंचावर पडून त्याचे दोन तुकडे झाले. आत हिरव्या-निळ्या कडेचा पिवळा गड्डा होता.

बाबा क्षणभर गडबडले. पण असली माणसं बोलण्यावरच जगतात. "पाहा!" ते ओरडले. "पाहून घ्या सगळे! कूस गोठली की गर्भाचा असा दगड होतो! पिवळा दगड! ही थंड नाही, ही तर शापित आहे! हिले सात नाही, एकवीस दिवस ठेवा लागन!"

सभागृहात 'हाय हाय' असा आवाज उठला. प्रेमलताबाईंनी तोंडावर पदर घेतला. भैयाजी पांढरे पडले. त्या शेकडो माणसांनी एक साधं उकडलेलं अंडं पाहिलं आणि त्यांना शाप दिसला.

"अरे, उकडलेलं आहे ते!" माया ओरडली. "नासलेलं उकडलेलं अंडं! कोणीतरी सांगा ना गा! कोणीच खात नाही का इथं?"

कोणी बोललं नाही. आणि मायाला ठाऊक होतं की ही शांतता खोटी आहे. ती आपली अंडी सदरच्या रूपरावच्या उकडलेल्या अंड्यांच्या गाडीवर द्यायची. या सभागृहातले किमान वीस चेहरे तिनं त्या गाडीवर पाहिले होते, पाठ रस्त्याकडं करून, घाईघाईनं, वर तिखट-मीठ भुरभुरवून खाताना. आता ते सगळे छताच्या पंख्याकडं पाहत होते. घरी कळेल या भीतीपोटी एका पोरीला गाडीत कोंबून नेऊ द्यायला ते तयार होते. मायाला त्या बाबापेक्षा त्यांची किळस आली.

हिमानी मात्र कोणाकडंच पाहत नव्हती, फक्त दुसऱ्या रांगेतल्या आपल्या नवऱ्याकडं. दोन शिष्यांनी तिचे दंड धरले. तिनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही, नुसती पाहत राहिली.

अंकित उठला. "बाबूजी," तो भैयाजींना म्हणाला, "ते उकडलेलंच आहे."

"तुले काय माहीत?" भैयाजींनी विचारलं.

"मी खातो. रूपरावच्या गाडीवर. चार वर्षं झाली." मग तो शिष्यांवर ओरडला, "हात सोडा तिचा!"

"हाच तो दोष!" बाबांनी लगेच पलटी मारली. "धर्मभ्रष्ट नवरा! म्हणून कूस..."

"मीही खातो," तिसऱ्या रांगेतून एक जाडे गृहस्थ उठले. बायकोकडं न पाहता त्यांनी पुढचं वाक्य उरकलं. "उकडलेलं आहे ते, शंभर टक्के." मागून एक कॉलेजातली मुलगी उठली. मग आणखी दोघं. एका आजोबांनी बसल्याबसल्या नुसता हात वर केला, आणि त्यांच्या सुनेनं तो खाली ओढायचा प्रयत्न केला तरी वरच ठेवला.

या गोंधळात माया मंचावर चढली आणि तिनं टेबलाची लाल झालर दोन्ही हातांनी वर केली.

खाली थर्माकोलचा डबा होता. आत जळणारा बल्ब, काचेचं थर्मामीटर, पाण्याची वाटी आणि चोचीनं टोचा पडलेली सात गावरान अंडी. जवळच दुसरा पितळी कलश, हुबेहूब पहिल्यासारखा, राखेनं भरलेला. आणि त्यामागं एक खोकं. मायानं ते ओढलं आणि तिचा हात मागं आला. खोक्यात मागच्या सगळ्या चमत्कारांची पिल्लं होती. चमत्कार झाला की त्यांचं काम संपलं. कोणी दाणा-पाणी दिलं नव्हतं. वरची दोन अजून हलत होती. खालच्यांना मुंग्या लागल्या होत्या.

तिनं ते खोकं उचलून मंचाच्या कडेला, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवलं.

"हा तुमचा चमत्कार," ती म्हणाली. माईकची तिला गरज नव्हती. "माझ्या घरीही असाच डबा आहे. अंडं एकवीस दिवस यातच उबते. शेवटच्या दिवशी पिल्लू आतून टरफल कापाले लागते. असं कापत आलेलं अंडं आधीच दुसऱ्या कलशात ठेवाचं, खाली बसून कलश बदलवाचा, अन् वर आणून फडकं उचलाचं. भैयाजींचं पांढरं अंडं पहिल्याच कलशात राखेखाली पडून राहते. ते तं हजार वर्षं उबवलं तरी फुटणार नाही. काहून का, दुकानातलं अंडं ज्या फार्मातून येते तिथं कोंबडाच नसते! नुसत्या कोंबड्या. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यात जीव येईन कुठून? अन् तुम्ही बोल कोणाले लावता, कोंबडीले!"

बाबा मागच्या दारानं निघाले होते. पहिल्या दिवशी रडलेला तो म्हातारा दारात उभा होता. त्यानं दार ओढून घेतलं आणि कडीला आपली काठी अडकवली.

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून घेतली. अकरापैकी हिमानी आणि आणखी चौघींनी सह्या केल्या. बाकीच्या सहा जणींना घरच्यांनी हाताला धरून नेलं. त्यातल्या दोघींनी जाता जाता सांगितलं की मागच्या खेपेला आश्रमात गेलेल्या एका ओळखीच्या बाईशी बोलून त्या परत येतील. ती बाई सात दिवसांनी घरी आल्यापासून कोणाशी बोलत नाही, असंही त्यांनी हळूच सांगितलं. हवालदारानं ते दोनदा विचारून लिहून घेतलं.

लोक पांगत होते. काही जण अजूनही म्हणत होते, "पण पिल्लू तर निघालंच होतं ना?" त्यांना काय सांगावं! एवढंच सांगता येईल, की चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी टेबलाखाली वाकून पाहा. ज्या गोष्टीतलं आपल्याला काही कळत नाही ती कळणाऱ्याला विचारा, मग तो आपल्या जातीचा, आपल्या पंगतीचा असो वा नसो. लाज वाटली तरी ठाऊक असलेलं बोला. आणि बाईच्या पोटावर कोणाचीही परीक्षा मांडू नका.

पायऱ्यांवर प्रेमलताबाई मायाजवळ येऊन थांबल्या. "म्हणजे आमच्या सुनेत काही दोष नाही?"

"ते मले काय माहीत? मी कोंबड्यावाली आहे, डॉक्टर नाही. तपासण्या झाल्या नाहीत का तिच्या?"

"झाल्या ना. तीन डॉक्टर केले. सगळ्या नॉर्मल."

"अन् अंकितच्या?"

प्रेमलताबाईंनी भैयाजींकडं पाहिलं. भैयाजींनी रस्त्याकडं पाहिलं. सहा वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

अंकितचे कान लाल झाले. "माझ्या काहून? मले काय झालं? लोक काय म्हणतीन..."

हिमानी त्याच्याकडं वळली. तिचा आवाज चढला नाही. "एकवीस दिवस मी अंडं बांधून फिरली. अंगाले वास येत होता, चामडी सोलली, तरी मले कोणी विचारलं नाही की लोक काय म्हणतीन. तुमाले फक्त एक लहानशी डबी भरून द्यायची आहे."

अंकितनं खिशातून गाडीची किल्ली काढली. "दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असते?" त्यानं विचारलं.